इनकमिंगचे पैसे कोण देतं?

आमची आत्या खटाव तालुक्यात राहते, तिच्याकडे बटणांचा फोन आहे आणि त्या फोनचं तिच्या लेखी एकच काम, वाजला की उचलायचा. स्वतःहून ती कुणाला लावत नाही. मागे दिवाळीच्या आधी आठ दिवस तिचा फोन लागेना, म्हटलं बॅटरी गेली असेल, शेवटी शेजारच्या पोराला फोन केला तेव्हा कळलं की रिचार्ज संपलाय. मी म्हटलं अरे पण इनकमिंगला कशाला लागतोय रिचार्ज, इनकमिंग तर फुकट असतं ना. पोरगं हसलं. "दादा, कुठल्या जमान्यात आहात."

आता खरं सांगायचं तर इनकमिंग फुकट हा प्रकार मुळात फार जुना नाहीच. १ मे २००३ पासूनचा. त्याच्या आधी मोबाइलवर आलेला फोन घ्यायचे पण पैसे पडायचे, आणि ते कंपनीच्या मनात आलं म्हणून नाही, सरकारी नियमांची रचनाच तशी होती. भारतात (आणि आपल्यासारख्या बऱ्याच देशांत) टेलिफोनचा बाजार खुला कसा झाला ते समजून घ्यायचं असेल तर "सरकारनी दार उघडलं, खासगी कंपन्या आल्या, फोन स्वस्त झाले" ही गोष्ट बाजूला ठेवा, ती अर्धीच आहे. पूर्ण गोष्ट या एका प्रश्नात आहे की फोन आला तर पैसे कोणी कोणाला द्यायचे.

पण थोडं मागून सुरू करू.

१९९४ साली देशात शंभर माणसांमागे एक फोनसुद्धा नव्हता, ०.८ होता. हे मी नाही म्हणत, त्या वर्षी आलेल्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणातच लिहिलंय, की जगाची सरासरी शंभराला दहा आणि आपली ०.८, एकूण लाइनी ८० लाखांच्या आसपास आणि वेटिंग लिस्टवर २५ लाख. म्हणजे ज्यांच्याकडे फोन आहे अशा दर तीन-साडेतीन घरांमागे एक घर ताटकळत उभं. फोनसाठी "नंबर लावला" असं म्हणायचे लोक, आणि तो नंबर लावला की विसरून जायचं, मुलगी पाचवीत असताना लावलेला नंबर ती बारावीला गेल्यावर लागायचा. ज्याच्याकडे फोन त्याच्या घरी अख्ख्या वाड्याचे फोन यायचे, व्हिजिटिंग कार्डावर नंबरापुढे "पी.पी." लिहिलेलं असायचं, म्हणजे हा नंबर शेजाऱ्यांचा आहे, निरोप द्या.

सरकारकडेच का होतं सगळं? कायदा १८८५ चा, इंग्रजांचा टेलिग्राफ कायदा, त्यात स्वच्छ म्हटलंय की तार यंत्रणा चालवायचा हक्क फक्त सरकारचा, आणि सरकारला वाटलं तर ते दुसऱ्याला परवाना देऊ शकतं. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षं सरकारला तसं वाटलं नाही. आणि त्यात नुसता हट्ट होता असंही नाही बरं का. तांब्याची तार घरोघर ओढायला इतका पैसा लागतो की एका गल्लीत दोन कंपन्यांच्या दोन तारा ओढणं म्हणजे एका गावाला दोन पाणीपुरवठा योजना, तेव्हा अमेरिकेसकट सगळीकडे एकच कंपनी असायची, फक्त तिथे ती खासगी होती. आपल्याकडे १९८५ ला पोस्ट आणि टेलिफोन वेगळे केले, १९८६ ला मुंबई-दिल्लीसाठी एमटीएनएल आणि परदेशी फोनसाठी व्हीएसएनएल काढली, सी-डॉट या सरकारी संस्थेनी खेड्यांसाठी धूळ-उन्हात एसीशिवाय चालणारी छोटी एक्स्चेंजं बनवली आणि त्यातून पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ गावोगावी आले.

ते बूथ आठवतात का? काचेचं खोपटं, आत छोटा पंखा जो कधीच चालू नसायचा, आणि समोर लाल आकड्यांचं मीटर. लांबच्या गावाला फोन लावला की आकडे असे पळायचे की माणूस बोलण्यापेक्षा मीटरच बघायचा. "हां बोला बोला लवकर." रात्री उशिरा पाव दर लागायचा म्हणून जेवणं उरकून लोक रांगा लावायचे. लांबचा कॉल इतका महाग का होता तर त्याच पैशावर घरातल्या फोनचं भाडं आणि लोकल कॉल स्वस्त ठेवलेले होते, मुलाला दुसऱ्या राज्यात फोन लावणारी बूथवरची बाई शेवटी बंगल्यातल्या फोनचं भाडं भरत होती. हे कुणी मुद्दाम ठरवलं असेल असं मला वाटत नाही, पण होत होतं तसंच.

मग मोबाइल आला आणि तांब्याच्या तारेचा तो युक्तिवादच गेला. हवेतून एकाच गल्लीत दोन काय दहा कंपन्या फोन देऊ शकतात.

इथे एक गोंधळ निस्तरू, कारण गप्पांमध्ये लोक दोन शब्द एकमेकांत मिसळतात. सरकारी कंपनी विकणं म्हणजे खासगीकरण. दुसऱ्यांना धंद्यात येऊ देणं म्हणजे बाजार खुला करणं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि एक केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही. मेक्सिकोचं उदाहरण बघा. त्यांनी १९९० मध्ये टेलमेक्स ही सरकारी कंपनी कार्लोस स्लिम यांच्या गटाला (सोबत एक फ्रेंच आणि एक अमेरिकन कंपनी होती) विकली आणि वर लांबच्या कॉलवर काही वर्षं दुसरं कोणी येणार नाही असा शब्द दिला. झालं काय, सरकारी मक्तेदारी गेली आणि तिच्या जागी खासगी मक्तेदारी आली, नियामक संस्था नंतर १९९६ मध्ये आली आणि तोपर्यंत कंपनी इतकी मोठी झालेली की तिला आवरायला २०१३ साली राज्यघटनेत दुरुस्ती करावी लागली. आपण उलटं केलं. सरकारी कंपनी विकली नाही (व्हीएसएनएल सोडून, ती २००२ ला टाटांकडे गेली), पण शेजारी दुसऱ्यांना दुकान टाकू दिलं. माझ्या मते हा आपला क्रम चांगला होता. अडचण वेगळीच झाली, दुकान टाकू देणारा स्वतःच पहिल्या दुकानाचा मालक होता.

३१ जुलै १९९५ ला कोलकात्यातून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांना फोन लावला, तो देशातला पहिला मोबाइल कॉल. गर्दीच्या वेळी दर मिनिटाला १६ रुपये ८० पैसे. लावणाऱ्यालाही आणि घेणाऱ्यालाही. मुंबईत तेव्हा मॅक्स टच आणि बीपीएल अशा दोन कंपन्या होत्या, दोनच, कारण नियमच होता की एका सर्कलमध्ये दोन खासगी कंपन्या.

हे सर्कल प्रकरण आपल्याकडच्या लोकांना नीट माहितीये. देशाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याचा परवाना वेगळा विकला, त्यात मुंबई एक सर्कल (नवी मुंबई, कल्याण धरून) आणि उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं. त्यामुळे झालं असं की पणजी आणि गडचिरोली एका सर्कलमध्ये, आणि मुंबई-पुणे परदेश. मी नोकरीला लागलो तेव्हा मुंबईचा नंबर होता, घाट चढला की रोमिंग सुरू, स्क्रीनवरचं नाव बदलायचं. एकदा लोणावळ्याला चिक्की घेत असताना बॉसचा फोन आला आणि तो सुट्टीचा अर्ज कसा लिहावा यावर बोलत राहिला, त्या महिन्याचं बिल बघून मी चिक्की खायची सोडली.

तर मूळ प्रश्न, इनकमिंगला पैसे का? जुन्या लोकांना बेअरिंग पत्र आठवत असेल, तिकीट न लावता टाकलेलं पत्र, पोस्टमन दारात येऊन ज्याला पत्र आलंय त्याच्याकडून दुप्पट पैसे घ्यायचा. मोबाइलवर येणारा प्रत्येक फोन हे बेअरिंग पत्र होतं. बघा, साताऱ्याहून कुणी लँडलाइनवरून पुण्यातल्या मोबाइलला फोन लावला. कॉल अर्धा रस्ता सरकारी तारेवरून येतो आणि उरलेला मोबाइल कंपनीच्या टॉवरवरून. लावणाऱ्यानं पैसे भरले, ते सगळे सरकारी खात्याकडे. मोबाइल कंपनीनं टॉवर उभा केला, वीज भरली, कॉल पोचवला, तिला त्यातलं काही नाही. मात्र मोबाइलवरून लँडलाइनला फोन गेला तर मोबाइल कंपनीनं सरकारी खात्याला पैसे द्यायचे. एकाच पुलावरून दोन्ही बाजूनी गाड्या जातायत पण टोलनाका एकाच बाजूला. मग कंपनीनं ते पैसे कोणाकडून घ्यायचे? आपल्याकडून, फोन उचलल्याबद्दल.

म्हणून तेव्हा मिस्ड कॉल नावाची भाषा तयार झाली. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, तीन म्हणजे परत लँडलाइनवरून कर. अख्खा देश कंपन्यांच्या आपसातल्या हिशोबावर असा तोडगा काढत होता आणि कुणाला त्याचं कारण माहीत नव्हतं.

एका जाळ्यातून दुसऱ्या जाळ्यात कॉल जाणं याला इंटरकनेक्शन म्हणतात, शब्द कंटाळवाणा आहे पण टेलिफोनच्या सगळ्या राजकारणाचा जीव त्यात आहे. तुम्ही कितीही चांगली कंपनी काढा, तुमच्या ग्राहकाला समोरच्या मोठ्या कंपनीच्या ग्राहकाशी बोलता येत नसेल तर तुमचा फोन म्हणजे खेळणं. कुणी म्हणतं की सरकार बाजूला झालं की बाजार आपोआप नीट चालतो, त्यांनी सोमालियाकडे बघावं, १९९१ नंतर तिथे सरकारच उरलं नव्हतं, कंपन्या आल्या, फोन खरंच स्वस्त झाले, पण मोगादिशूत बराच काळ एका कंपनीचा फोन दुसऱ्या कंपनीला लागत नसे आणि लोक वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन बाळगायचे. फोन स्वस्त, शेजाऱ्याला मात्र लागत नाही.

म्हणजे पंच पाहिजे. आपल्याकडे १९९४ ला धोरण आलं, १९९५ ला कंपन्या आल्या, आणि पंच, म्हणजे ट्राय ही दूरसंचार नियामक संस्था, १९९७ ला. मॅच सुरू झाल्यावर दोन वर्षांनी. तोपर्यंत परवाना देणारं, नियम करणारं आणि स्वतः फोन विकणारं खातं एकच, गल्ली क्रिकेटमधल्या ज्याची बॅट त्याच्यासारखं, आउट दिला तर बॅट घेऊन घरी. ट्राय आल्यावरही खातं ऐकेना, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९९८ ला दिल्ली उच्च न्यायालयानं सांगितलं की परवाना देणाऱ्या सरकारला आदेश द्यायचा अधिकार कायद्यानं ट्रायला दिलेलाच नाही. ट्रायनं १९९९ ला ठरवलं की फोन लावणाऱ्यानंच पैसे द्यावेत, मोबाइल कंपनीला त्यातला वाटा मिळावा आणि इनकमिंग मोकळं व्हावं, तेही कोर्टात टिकलं नाही. मग २००० साली सरकारनं कायदाच बदलला, जुनी ट्राय बरखास्त, नवी ट्राय, आणि भांडणं सोडवायला टीडीसॅट नावाचं वेगळं न्यायाधिकरण. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला फोन विकणारा भाग खात्यातून बाहेर काढून बीएसएनएल केली. आता कुठे पंच एकीकडे आणि बॅट्समन दुसरीकडे झाले, निदान कागदावर.

आणि हे झाल्यावर तीन वर्षांच्या आत इनकमिंग फुकट झालं. नवी मशीन आली नव्हती की नवा उपग्रह सोडला नव्हता. फक्त ठरलं की ज्याच्या जाळ्यात कॉल संपतो त्याला ज्याच्या जाळ्यातून निघाला त्यानं मिनिटाला काही पैसे द्यायचे. टोलनाका दोन्ही बाजूला.

मधल्या काळात दुसरी एक गोष्ट घडली, ती समजायला शेतीतला शब्द सोपा पडतो. शेत दुसऱ्याला कसायला द्यायचं तर दोन पद्धती, खंडानं द्या नाहीतर वाट्यानं. खंड म्हणजे पीक येवो न येवो, ठरलेली रक्कम मालकाला द्यायची. वाटा म्हणजे जे पिकेल त्यातला हिस्सा. १९९५ ला परवाने खंडानं दिले होते. लिलावात लोकांनी अशा बोल्या लावल्या की विचारू नका, हिमाचल फ्युचरिस्टिक नावाच्या तशा लहान कंपनीनं लँडलाइनच्या नऊ सर्कलसाठी मिळून ८५ हजार कोटींच्या आसपास बोली लावली, शेवटी सरकारलाच म्हणावं लागलं की एकाला तीनच सर्कल मिळतील. (ज्या मंत्र्यांना तो पहिला फोन गेला होता त्यांच्या घरांवर १९९६ ला सीबीआयचे छापे पडले आणि साडेतीन कोटींहून जास्त रोकड निघाली, हा भाग तेव्हा पेपरात चवीनं वाचला जायचा.) पण पीक आलंच नाही. एवढा महाग फोन घेणार कोण? १९९९ च्या मार्चमध्ये अख्ख्या देशात मोबाइल ग्राहक १२ लाखांच्या आसपास होते. कंपन्यांचे खंड थकले, बँका कर्ज देईनात.

मग १९९९ चं नवं धोरण आलं आणि खंड मोडून वाटा केला, उत्पन्नातला ठरावीक टक्का सरकारला. यावर तेव्हा खूप टीका झाली, बोली लावताना शहाणपण कुठे गेलं होतं, आता सवलत का. टीका चुकीची नव्हती. पण परिणाम बघा. खंडात कंपनीला वाटतं थोडे श्रीमंत ग्राहक धरावे आणि त्यांच्याकडून भरपूर काढावं, कारण आधी खंड फेडायचाय. वाट्यात तसं नाही, पहिल्या दिवसापासून मालकाचं ओझं अंगावर नाही, त्यामुळे स्वस्तात विकून ग्राहक दहापट करणं परवडतं. त्याच धोरणानं सर्कलमध्ये दोनच कंपन्या हा नियमही मोडला, एमटीएनएल २००१ ला आणि बीएसएनएल २००२ ला मोबाइलमध्ये उतरल्या, चौथ्या कंपनीचे परवाने निघाले, आणि दर पडायला लागले. तांब्याच्या फोनला शंभर वर्षांत जमलं नाही ते पाच-सहा वर्षांत झालं.

पण वाट्यात एक मेख असते, वाटा कशातला? शेतातल्या पिकातला हे बरोबर, पण बांधावर बांधलेल्या म्हशीच्या दुधात पण मालकाचा हिस्सा का? दूरसंचार खातं म्हणत होतं हो, कंपनीच्या सगळ्या उत्पन्नात, म्हणजे बँकेचं व्याज आलं, जागेचं भाडं आलं, त्यातही. कंपन्या म्हणत होत्या फक्त फोनच्या धंद्यातलं. ज्यातून वाटा काढायचा त्या उत्पन्नाला एजीआर म्हणतात, त्या एजीआरच्या म्हशीवरून पंधरा-सोळा वर्षं कज्जा चालला आणि २४ ऑक्टोबर २०१९ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, दूध पण धरा. मूळ रकमेवर व्याज, दंड, दंडावर व्याज असं करत एकूण थकबाकी दीड लाख कोटींच्या घरात गेली. सरकारनं २०२१ ला व्याख्या बदलली, म्हैस वगळली, पण पुढच्या हिशोबासाठी, मागचं देणं तसंच राहिलं.

त्याआधीच्या काळातलं बरंच तुम्हाला माहिती असेल म्हणून पटकन उरकतो. तालुक्यापुरता चालणारा स्वस्त फोन म्हणून परवाना घेऊन काही कंपन्यांनी पूर्ण मोबाइलच विकायला सुरुवात केली, भांडण झालं, २००३ च्या शेवटी सरकारनं फी भरून घेऊन ते नियमित करून दिलं. गुंठेवारी नियमित करतात तसंच. १० जानेवारी २००८ ला १२२ परवाने २००१ च्या भावानं वाटले, त्यावरून टूजी प्रकरण, कॅगचा १ लाख ७६ हजार कोटींचा अंदाज, २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं सगळे १२२ परवाने रद्द केले आणि २०१७ ला खास न्यायालयानं सगळ्या आरोपींना सोडलं. लोक अजून भांडतात की घोटाळा झाला की नाही, मला त्याहून महत्त्वाचं वाटतं की त्यानंतर फोनच्या लहरी, म्हणजे स्पेक्ट्रम, लिलावानंच विकायच्या असं पक्कं झालं, आणि लिलाव म्हणजे पुन्हा आधी मोठा नजराणा आणि वर वाटा. दोन्ही.

मग ५ सप्टेंबर २०१६, जिओ. कॉल फुकटच. आता तुम्हाला इंटरकनेक्शन कळलंय तर या भांडणाची मजा कळेल. नव्या कंपनीचे ग्राहक कमी, फोन लावणारे सगळे तिकडून आणि घेणारे सगळे इकडे, त्यामुळे जिओला बाकीच्यांना मिनिटाला १४ पैसे द्यावे लागत होते, आणि शिवाय जुन्या कंपन्यांनी दोन जाळ्यांमध्ये पुरेशी जोडणी दिली नाही म्हणून कॉल लागत नव्हते. ट्रायनं एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी दंड करावा अशी शिफारस केली. पुढच्या वर्षी १४ चे ६ पैसे झाले.

आणि २०१९ मध्ये काय झालं माहितीये? रिंग वाजायचा वेळ कमी केला. तुमच्या लक्षात आलं असेल किंवा नसेल, पण तेव्हा फोन खिशातून काढेपर्यंत बंद व्हायचा. आधी ४०-४५ सेकंद वाजायचा तो २५ वर आला. कारण? मी तुला फोन लावला तर माझी कंपनी तुझ्या कंपनीला पैसे देणार. पण रिंग लवकर बंद झाली तर तो मिस्ड कॉल, तू परत लावणार, आणि आता तुझी कंपनी माझ्या कंपनीला देणार. एअरटेलनं जिओवर आरोप केला आणि मग स्वतःही रिंग कमी केली. शेवटी ट्रायला हुकूम काढावा लागला की मोबाइल ३० सेकंद आणि लँडलाइन ६० सेकंद वाजलीच पाहिजे. देशाच्या दूरसंचार नियामकानं घंटा किती वाजावी ते ठरवलं! मला हा सगळ्या इतिहासातला सगळ्यात आवडता भाग आहे, १९९९ मध्ये आपण एका कॉलचे पैसे वाचवायला मिस्ड कॉल द्यायचो आणि वीस वर्षांनी अब्जावधींच्या कंपन्या तेच करत होत्या.

१ जानेवारी २०२१ पासून तो दर शून्य झाला. टोलनाके दोन्ही बाजूचे गेले.

खेड्यांचं काय, हा प्रश्न कुणीतरी विचारेलच. १९९५ च्या परवान्यांमध्ये लँडलाइनवाल्या खासगी कंपन्यांवर खेड्यात सार्वजनिक फोन बसवायची सक्ती होती, ती बहुतेकांनी पाळली नाही. मग २००२ पासून वेगळी युक्ती, प्रत्येक कंपनीच्या उत्पन्नातले ५ टक्के एका निधीत टाकायचे आणि जिथे धंदा परवडत नाही तिथे त्यातून अनुदान द्यायचं. युक्ती चांगली, पण पैसा गोळा होणं आणि खर्च होणं यात पुष्कळ अंतर राहिलं. तरी त्यातून टॉवर उभे राहिले, नक्षलग्रस्त भागासाठी २०१४ ला दोन हजारांवर टॉवर मंजूर झाले त्यात गडचिरोलीही होतं, आणि ते बीएसएनएलनं उभारले. जिथे नफा नाही तिथे सरकारी कंपनीच गेली, हे बीएसएनएलला नावं ठेवताना (मी पण ठेवतो) लक्षात असावं.

बाकी देश पण याच वाटेनं गेले, कुणी आधी कुणी नंतर. म्यानमारमध्ये २०१४ च्या आधी एका सिमकार्डाला शेकडो, काही वर्षं तर हजारो डॉलर पडायचे, कतार आणि नॉर्वेच्या कंपन्या आल्या आणि तेच कार्ड दीड डॉलरला मिळायला लागलं. इथिओपियानं तर २०२१ पर्यंत एकच सरकारी कंपनी ठेवली होती, त्या वर्षी केनियाच्या सफारीकॉमच्या गटानं ८५ कोटी डॉलर मोजून परवाना घेतला. म्हणजे आधी घसघशीत रक्कम घ्यायचा मोह सगळ्याच सरकारांना होतो.

आणि आपल्याकडे एका सर्कलमध्ये दहा-बारा कंपन्या होत्या त्यांचं काय झालं? काही दिवाळखोरीत गेल्या, काही विकल्या गेल्या, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ ला एक झाल्या. आज खासगी तीन आहेत आणि त्यातली तिसरी, म्हणजे ही व्होडाफोन आयडिया, एजीआरच्या ओझ्याखाली, इतकी की तिचं देणं सरकारनं शेअरमध्ये बदलून घेतलं आणि २०२५ ला सरकारचा हिस्सा ४९ टक्क्यांच्या आसपास गेला. बाजार खुला केल्याला तीस वर्षं झाली आणि सरकार एका खासगी कंपनीचं सगळ्यात मोठं भागधारक झालं, वर बीएसएनएल आहेच. यावर हसावं की काय ते तुम्ही ठरवा.

आता आत्याकडे परत येतो. दर शून्य झाला म्हणजे आत्यासारख्या माणसाचा फोन उचलला जातो तेव्हा तिच्या कंपनीला कुणाकडूनच काही मिळत नाही. ती स्वतः फोन लावत नाही, नेट वापरत नाही. पूर्वी ती कंपनीला मिनिटामागे काही पैसे मिळवून देणारी ग्राहक होती, आता हिशोबाच्या वहीत ती नुसता खर्च आहे. तो दर ६ पैशांवर आला तेव्हापासूनच, २०१८ च्या शेवटी, जुन्या कंपन्यांनी महिन्याला किमान ३५ रुपयांचा रिचार्ज काढला, नाही मारला तर काही दिवसांनी इनकमिंग बंद. तिथून ती रक्कम वरच गेली, २०२४ च्या जुलैत तिन्ही कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. पॅकमध्ये नेट घ्यावंच लागायचं, तिला नको असलं तरी. ट्रायनं २०२४ च्या डिसेंबरात सांगितलं की फक्त बोलणं आणि एसएमएस असलेले पॅक पण ठेवले पाहिजेत, मग ते आले, पण त्यातला जो मी बघितला तो जवळजवळ तीन महिन्यांचा एकदम भरायचा.

मी तो मारला तिच्यासाठी. आणि फोन करून सांगितलं की आता संक्रांत होऊन जाईपर्यंत बघायला नको.

"किती पडलं रं?"

सांगितलं.

"माझ्यासाठी?" ती म्हणाली. "मी कुणाला फोन लावलाय?"

मी तिला समजवायला लागलो, की आत्या, आधी लावणाऱ्याकडून मिळायचे, आता तसं नाही राहिलं, तेवढ्यात तिनी मधेच तोडलं, "बरं ठेव आता, उगं तुझं बिल वाढंल."